कालिओवाच्या टोमण्याचं उत्तर

अपाकुकीनं माफी मागितली आणि कालिओवाच्या हातातली करवंटी तोंडाकडे जाता जाता मध्येच थांबली.

माफी मागण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. देशासाठी रग्बीचे एकाहत्तर सामने खेळलेला, गेली सहा वर्षं कप्तान असलेला, तिकडे फ्रान्समध्ये ज्याच्या नावाची जर्सी घालून पोरं हिंडतात असा वुनिंदिलोचा अपाकुकी चार वर्षांनी गावी आला होता. सभाघरातल्या चटयांवर अख्खं गाव मांडी घालून बसलं होतं. मधोमध यंगोना या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची लाकडी परात, वरच्या अंगाला गावप्रमुख रातू नेमानी. रातूंना हसताना गावात कुणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते जमिनीचा निवाडा ऐकत बसल्यासारखे दिसतात. भाषणं झाली, अपाकुकीनं पहिली करवंटी एका दमात संपवली, टाळ्या झाल्या. मग कालिओवानं, म्हणजे अपाकुकीच्या आत्याच्या मुलानं, शिरस्त्याप्रमाणे मागून आवाज टाकला, "काय तावाले! चेंडू टेकवायचा असतो, घरी न्यायचा नसतो. शिकलास का अजून?"

गाव खदखदून हसलं आणि लगेच गप्प झालं. आता पाळी अपाकुकीची होती.

आमच्याकडे मामेभाऊ-आतेभाऊ हे एकमेकांचे तावाले. सख्ख्या भावाशी जपून बोलायचं, बहिणीसमोर तर नजरही खाली ठेवायची. सगळी कसर तावालेवर काढायची. त्याचं पोट, त्याची चाल, चर्चमधलं त्याचं बेसूर गाणं, काहीही काढा. त्यानं ते दुप्पट फेडायचं. जो रागावला तो हरला. आणि जो गप्प बसला त्यानं नातंच मोडलं, असं समजतात.

अपाकुकी गप्प बसला नाही. त्यानं मान खाली घातली, अदबीनं हात जोडून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "माफ करा. माझी चूक झाली."

माफ करा! तावालेला! आणि वर अहोजाहो!

कुणीतरी खोकलं. कुणीतरी उगाच हसलं. रातूंनी एकदा अपाकुकीकडे आणि एकदा कालिओवाकडे पाहिलं आणि करवंटी पुढे फिरवायची खूण केली. कालिओवाला मात्र कुणीतरी भर मैदानात पाठीमागून आडवं केल्यासारखं झालं.

या टोमण्याला सत्तावीस वर्षांचा इतिहास होता. दोघं अकरा वर्षांचे असताना दिलोच्या मोठ्या झाडाखालच्या मैदानावर शेजारच्या गावाशी सामना ठरला. तोवर वुनिंदिलोची पोरं प्लास्टिकच्या बाटलीला चिंध्या गुंडाळून खेळायची. त्या दिवशी पाहुणे खरा चेंडू घेऊन आले. कालिओवानं तो झडप घालून मिळवला, अपाकुकीकडे फेकला, आणि अपाकुकी जो सुटला तो सुटलाच. पाच पोरांना चकवलं, रेघ ओलांडली. आता चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. पण हा थांबतोय कुठे! पाद्रीबाबांच्या कसाव्याच्या शेतातून, ओढ्यावरून उडी मारून तो थेट घरी गेला आणि चुलीपाशी बसलेल्या आईच्या मांडीवर चेंडू ठेवून म्हणाला, "मिळाला." त्याला वाटलं होतं, जो सगळ्यांतून पार नेईल त्याचा चेंडू. मागून "टेकव! टेकव!" ओरडत धावणारा कालिओवा दारात पोचेपर्यंत मामीनं तो फडक्यानं पुसून फळीवर ठेवलाही होता.

त्यानंतर अपाकुकी चेंडू टेकवायला शिकला. सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर धावून धावून पाय असे झाले की विसाव्या वर्षी देशाची पांढरी जर्सी अंगावर आली. कालिओवाचा गुडघा एकोणिसाव्या वर्षीच गेला. त्यानं बस धरली. वुनिंदिलो ते सिंगातोका, सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. निळी बस, खिडक्यांना काचा नाहीत, पाऊस आला की ताडपत्री सोडायची. नदीच्या वळणावरच्या चढाला ती हटकून बंद पडते आणि उतारू वांगी-टोमॅटोची पोती सोडून मुकाट खाली उतरतात. कुणाला सांगावं लागत नाही. बस हातात आल्यापासून अपाकुकीला उत्तरही मिळालं होतं, "तुझ्या बसनं नेला असता, तर चेंडू अजून पोचला नसता!"

प्रत्येक सामन्याआधी कालिओवा फोन करायचा. पलीकडे कुठलाही देश असो, इकडून टोमणा जायचा आणि तिकडून बस यायची. मग अपाकुकी म्हणायचा, "चल, जातो," आणि मैदानात उतरायचा. एकाहत्तर सामने, एकाहत्तर फोन. गेल्या वर्षी उत्तर यायला जरा वेळ लागू लागला होता. शेवटच्या दोन वेळा तर नुसतंच हसू आलं. कालिओवानं दोष फोनला दिला होता.

आता समोरासमोर बसून फोनला दोष देता येईना. मग त्यानं तो अपाकुकीला दिला.

"मोठेपणा चढलाय त्याला," तो घरी आईला म्हणाला. "माफ करा म्हणे! मी काय त्याच्या क्लबाचा मालक आहे?"

आई, म्हणजे तराइविनी, अळूच्या पानात नारळाचं दूध भरत होती. "दमला असेल रे पोरगा."

"दमला तर शिवी दे म्हणावं. शिवी द्यायला काय धावावं लागतं?"

मोठेपणा चढणं हे आमच्याकडचं सगळ्यात मोठं पाप. चोरीला एक वेळ क्षमा आहे. आणि तावालेला चढलेला मोठेपणा उतरवणं हे तावालेचंच काम. कालिओवानं ते मनावर घेतलं. मंगळवारी सकाळी मैदानावर शाळेच्या पोरांसमोर तो अपाकुकीला म्हणाला, "या कप्तानसाहेब, रेघ कुठाय दाखवू का?" दुपारी दगडांवरच्या भट्टीतून डुक्कर काढताना म्हणाला, "ह्यांना आधी वाढा, नाहीतर पान उचलून घरी पळतील." संध्याकाळी प्रार्थनेनंतर त्यानं अपाकुकीच्या चालीची नक्कल करून दाखवली, जरा अडखळत, जरा वाट चुकल्यासारखी. त्याला स्वतःलाच वाटलं, हुबेहूब जमली. बाया पोट धरून हसल्या. अपाकुकी प्रत्येक वेळी सौम्य हसायचा, "बरं," म्हणायचा आणि खिशाकडे हात न्यायचा. त्या खिशाचीही कालिओवानं चेष्टा केली, "आम्हाला हाकायला चाबूक आहे का आत?"

बुधवारी पहिल्या फेरीला अपाकुकी बसमध्ये चढला. सिंगातोकाला औषधाच्या दुकानात जायचं होतं. तो ड्रायव्हरशेजारच्या बाकावर बसला. कालिओवानं गियर टाकला, बस मैदानाला वळसा घालून निघाली, दिलोच्या झाडाखालच्या पोरांनी हात हलवले. अपाकुकीनंही हलवला. मग झाडाकडे बघत त्यानं शांतपणे विचारलं, "हे गाव कुठलं?"

कालिओवाला हसू आवरेना. आलं एकदाचं! तीन दिवस अडकलेलं उत्तर आलं, आणि काय आलं! त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला, मागे वळून ओरडला, "ऐकलंत का? कप्तानसाहेबांना गाव ओळखू येईना! तिसऱ्या दिवशी का होईना, पण फेडलं पठ्ठ्यानं!"

बस हसली. टोमॅटोवाली म्हातारी सालोते हसता हसता टोपलीवरच रेलली. अपाकुकीनं मागे वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तोही हसला. ते जोरात हसले तेव्हा जोरात, ते थांबले तेव्हा थांबला. परक्या देशात भाषा न येणारा माणूस हसतो, अगदी तसा.

कालिओवाचा पाय क्लचवरून सुटला. बस आचका देऊन बंद पडली. अजून चढ आलाही नव्हता, पण सवयीनं सगळे उतरले. बसमध्ये दोघंच उरले.

"तावाले," कालिओवा म्हणाला, "मी कोण?"

अपाकुकीनं खिशातून एक लहान वही काढली आणि त्याच्याकडे दिली. अक्षर त्याचंच होतं, मोठं, शाळकरी. रातू नेमानींचं नाव, त्यापुढे 'टोपी काढायची'. तराइविनी, 'आत्या, पांढरे केस, मिठी मारेल'. आणि एक पूर्ण पान: 'कालिओवा. आत्याचा मुलगा. बस चालवतो. चेष्टा करेल. रागवायचं नाही. उलट बोलायचं.' खाली एक रेघ. रेघेखाली, 'काय बोलायचं?' त्यापुढे पान कोरं.

कालिओवानं ते दोनदा वाचलं. बाहेर कुणीतरी इंजिनाला शिव्या देत होतं. त्याला मंगळवारची संध्याकाळ आठवली, ती चालीची नक्कल. अडखळत, वाट चुकल्यासारखी. हुबेहूब.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. रोज नसतं असं. आज सकाळी तू कोण ते ठाऊक होतं, झाड आलं आणि पुसलं. सोमवारी तर काहीच नव्हतं. सगळे आपल्याला ओळखतात आणि आपण..." त्यानं वही परत घेतली. "तू ओरडलास तेव्हा वाटलं, माझ्या हातून काही मोठं चुकलंय."

"मग खेळतोस कसा रे?"

"पायांना आठवतं."

"डॉक्टर?"

"डोक्याला आता एकही मार नको म्हणतात. तिकडच्या एकाला गुपचूप दाखवलं. लोसालिनी आणि तो, दोघांनाच ठाऊक आहे." लोसालिनी म्हणजे त्याची बायको, मुलांसह फ्रान्सला होती.

"आणि तू शनिवारी दौऱ्यावर निघालायस."

"चारच सामने. शेवटचे. मग सगळ्यांना सांगतो."

"मग कुणाला सांगशील?" कालिओवाचा आवाज चढला. "आम्ही आठवणार का तुला, सांगायला?"

अपाकुकीनं दिलोच्या झाडाकडे पाहिलं. "गावात बोलू नकोस," तो म्हणाला. "रातूंपाशी तर नाहीच. ते अजून माझ्याकडे मोठा माणूस म्हणून बघतात. पाहिजे तर मला शिव्या दे, पण हे बोलू नकोस. शब्द दे."

तावालेला शब्द मागायची वेळ कधी आली नव्हती. कालिओवानं दिला. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण स्वतःला खोड्यात अडकवलंय. बोलायचं नाही, आणि जाऊही द्यायचं नाही.

त्या दुपारी त्यानं बस गावात उभी केली आणि आईपुढे येऊन बसला. "आई, तुझा तांबुआ दे."

तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, विणलेल्या दोरीत ओवलेला, पिढ्यानपिढ्या हाताळून मधासारखा पिवळा झालेला. तो पुढे करून मागितलेली गोष्ट नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या घराण्यावर थुंकणं. आणि हातात घेतला की मागणं मान्य; मग माघार नाही. तराइविनीनं तिचा दात पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता, नातसून मागायला.

"नातू सहा वर्षांचा आहे," ती म्हणाली. "इतकी घाई?"

"नातसुनेसाठी नको."

"मग?"

"विचारू नकोस. शब्द दिलाय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. जन्मात चेष्टेशिवाय वाक्य न बोललेला मुलगा सरळ बोलत होता, तेवढं तिला पुरलं. तिनं पेटी उघडली. दात त्याच्या हातावर ठेवला. "त्या दिवशी मिठी मारली ना मी," ती म्हणाली, "तेव्हा त्यानं आधी माझे केस बघितले. मग मिठी मारली."

शुक्रवारी निरोपाला सगळं गाव सभाघरात होतं. अपाकुकीच्या गळ्यात फुलांच्या माळा हनुवटीपर्यंत आल्या होत्या. कालिओवा दारातून गुडघ्यांवर आत सरकू लागला, कमरेला धुतलेली सुलू, दोन्ही हातांत दात, आणि सभाघरात हशा फुटला.

"अरे, बससाठी नवरा मागायला आलास का?"

"दात कुणाचा रे? तुझ्या गिअरबॉक्सचा?"

कालिओवा हसला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर पुढे सरकत अपाकुकीसमोर थांबला. हशा एकेका ओळीनं विझत गेला. पुढच्यांना त्याचा चेहरा आधी दिसला, मागच्यांना नंतर.

"मी कालिओवा, तराइविनीचा मुलगा," तो म्हणाला. "हा दात आणलाय. अपाकुकीनं आजपासून खेळू नये, हे मागतो."

रातू नेमानींच्या भुवया वर गेल्या, आणि गावानं तेही कधी पाहिलं नव्हतं. "तू काय मागतोयस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"कारण?"

कालिओवानं दोन दिवसांत बरीच कारणं जुळवली होती. आत्ता एकही जागेवर नव्हतं. त्यानं खाली पाहत जे तोंडाला आलं ते सांगितलं, "बसवर माझ्या जोडीला माणूस पाहिजे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. "प्यायलाय!" "जळतोय, वीस वर्षं जळतोय! स्वतःचा गुडघा गेला ना!" पाद्रीबाबा उभे राहिले आणि परत बसले. तराइविनी खांबाला टेकून नुसती चटईचे धागे बघत होती.

रातूंनी हात वर केला. "अपाकुकी, हा दात घेतलास तर देशाची जर्सी गेली. आणि त्यामागचं कारण हे असलं. तू नाही घेतलास तर गाव तुला दोष देणार नाही."

अपाकुकी कालिओवाकडे बघत होता. आजचा दिवस लख्ख होता की पुसलेला, कालिओवाला काही समजेना. हात भरून आले, दात जड होऊ लागला. खिशातली वही बाहेर आली नाही. मग अपाकुकीनं दोन्ही हात पुढे केले, दात घेतला आणि कपाळाला लावला.

"विनाका, तावाले," त्यानं आभार मानले. "कधीपासून येऊ कामाला?"

बायांनी विणलेली निरोपाची चटई गुंडाळलेलीच राहिली.

त्यानंतर पाच महिने वुनिंदिलोत कालिओवाशी कुणी बोललं नाही. बस एकच, त्यामुळे चढावं लागायचं. भाड्याची नाणी मात्र त्याच्या हातावर न ठेवता डॅशबोर्डवर ठेवायचे. दौऱ्यातले चारपैकी तीन सामने देश हरला, तेव्हा रेडिओ ऐकून लोक त्याच्या घराकडे बघून थुंकले. लोसालिनी मुलांना घेऊन परत आली, पहिल्याच दिवशी तराइविनीच्या गळ्यात पडून रडली. गावाला वाटलं, नवऱ्याचं नाव बुडालं म्हणून. कालिओवानं एकदाही तोंड उघडलं नाही. अपाकुकी रोज सकाळी शेजारच्या बाकावर बसायचा, पोती चढवायचा, चढाला बस ढकलायचा. एकट्यानं ढकलली तरी ती निघायची, एवढा एक फायदा झाला.

मार्चमध्ये एका सकाळी रातू नेमानी काठी टेकत बसमध्ये चढले. गुडघ्याच्या औषधाला निघाले होते. नाणं डॅशबोर्डवर ठेवून ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले, जिथे पाच महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. बस मैदानापाशी आली.

"कालिओवा," अपाकुकी हळूच म्हणाला, "हे गाव कुठलं?"

"वुनिंदिलो," कालिओवा म्हणाला. रोज म्हणायचा तसंच, रस्त्यावरची नजर न काढता. "तुझंच."

"छान आहे झाड."

"हो. त्याच्याखालून चेंडू घेऊन पळालास तू."

"मी?"

मागे काठी पडल्याचा आवाज झाला. कुणी ती उचलली नाही. आरशात कालिओवाला रातूंचा चेहरा दिसला. एवढा उघडा पडलेला चेहरा त्यानं आजवर कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते, जणू पाच महिन्यांमागचं सभाघर ते पुन्हा एकेक ओळ वाचत होते. सालोतेनं टोपलीवर दोन्ही हात ठेवले होते.

आता लपवायला काही राहिलं नव्हतं. कालिओवानं गळा साफ केला आणि पूर्वीसारखा टोमणा टाकला, "चेंडू टेकवायचा असतो तावाले, घरी न्यायचा नसतो!"

अपाकुकी विचारात पडला. खिशाकडे हात गेला, परत आला. बसनं वळण घेतलं.

"तुझ्या बसनं नेला असता," मागून एक जड, खरखरीत आवाज आला, "तर चेंडू अजून पोचला नसता."

रातू नेमानी! चेष्टा! तीही कालिओवाशी, जो त्यांचा तावाले तर सोडाच, नात्यातही नव्हता! सालोतेच्या टोपलीतला एक टोमॅटो घरंगळत पुढपर्यंत आला आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

अपाकुकी बाकावर पूर्ण वळला. कपाळाला आठ्या घालून त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "हे... हे माझं वाक्य आहे."

"ठाऊक आहे," रातू म्हणाले. "तुला पाहिजे तेव्हा घे. तोवर माझ्याकडे असू दे."

चढ आला. बस बंद पडली. लोक उतरले. कालिओवा हँडब्रेक ओढून आरशात बघतो, तर अपाकुकीच्या शेजारी, काठी बसमध्येच सोडून, गावप्रमुख रातू नेमानी दोन्ही पंजे बसच्या पत्र्याला लावून उभे होते.

"बघतोस काय?" ते ओरडले. "गियर टाक!"